वर्सोव्याची केबल, लिनक्सचा संगणक आणि मोजणीचा प्रश्न

पीएच.डी.ला बसू पाहणारे बरेच जण विचारतात, विषय किती लहान घ्यावा? माझं उत्तर ठरलेलं आहे. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्या वाक्यात गाव, साल आणि वस्तू, तिन्ही आलं पाहिजे. "भारतातील इंटरनेटचा इतिहास" हा विषय नाही, ते ग्रंथालयातल्या एका कपाटाचं नाव झालं. त्याऐवजी हा प्रश्न घ्या: साधारण २००१-०२ मध्ये वर्सोव्याला यारी रोडवर किंवा सात बंगल्याला राहणाऱ्या माणसाला घरच्या लिनक्स संगणकावर केबलवाल्याकडचं इंटरनेट चालवायचं असेल, तर त्याला नेमकं काय काय करावं लागे?

ऐकताना हा प्रश्न कम्प्युटर क्लासमधला वाटतो. पण आजचा सगळा लेख मी त्याच्यावरच लिहिणार आहे, कारण इतिहासाची पद्धत शिकवायला इतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी छापील इतिहास काय सांगतो ते बघू. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट नावाचं जाळं सुरू केलं. आयआयटी मुंबई त्यात होती, आणि जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, हीसुद्धा होती. याच एनसीएसटीतून १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत ९.६ केबीपीएसची लाइन चालू झाली. म्हणजे जगाच्या इंटरनेटचा एक दरवाजा वर्सोव्यापासून रिक्षाच्या अंतरावर होता, फक्त तो वर्सोव्यातल्या माणसाला बंद होता, कारण तो संशोधन संस्थांसाठी होता. मग १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं, नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळण्याचं धोरण आलं, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण येऊन "२५६ केबीपीएस आणि त्याहून जास्त वेग म्हणजे ब्रॉडबँड" अशी सरकारी व्याख्या ठरली.

या सगळ्या तारखा खऱ्या आहेत आणि तुम्हाला त्या पाठ हव्यातच. पण यात एक माणूस गायब आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये वायर घेऊन जो आला, तो केबलवाला.

त्याचा इतिहास वेगळ्या कपाटात ठेवलेला असतो, 'टेलिव्हिजन' असं लिहिलेल्या. १९९१ च्या आखाती युद्धात सीएनएनची दृश्यं दिसली, त्याच वर्षी स्टार आलं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी सुरू झालं, आणि मुंबईच्या गच्च्यांवर डिश आणि काळ्या कोॲक्स वायरींचं जाळं पसरलं. कायदा मागून आला, १९९५ मध्ये. एव्हाना वर मोठ्या कंपन्या उभ्या राहत होत्या: सिटी केबल, हॅथवे, हिंदुजांचं इनकेबल. त्या सिग्नल पुरवत, आणि गल्लीतला ऑपरेटर तो घरोघरी नेई.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ॲनालॉग केबल टीव्हीला ग्राहक मोजता येत नाही. सिग्नल वायरीतून वाहतो, आणि स्प्लिटर लावला की आणखी एका घरात जातो. वरच्या कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. जोडण्या नक्की किती, हे फक्त गल्लीतल्या ऑपरेटरला ठाऊक असे, आणि तो वर कमी आकडा सांगे. या धंद्यातलं हे उघड गुपित होतं, चॅनलवाले आणि सिग्नल पुरवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षं त्याच्यावरून भांडत होत्या. मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तो ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर. तोवर मोजणी म्हणजे ऑपरेटरची वही.

या वहीच्या जगात इंटरनेट आलं.

वायर तीच, पण उलट दिशेने

केबल मोडेमची कल्पना कागदावर साधी आहे. टीव्हीच्या वायरीत अनेक चॅनल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चाललेले असतात, त्यातला एक चॅनल टीव्हीऐवजी डेटासाठी द्यायचा. अमेरिकेत केबललॅब्ज या संस्थेने १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं मानक काढलं, त्यात ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून साधारण २७ ते ३८ एमबीपीएस खाली येत. अर्थात ते सगळ्या शेजाऱ्यांत वाटून.

अडचण होती परतीच्या वाटेची. टीव्हीचा सिग्नल फक्त घराकडे येतो. इंटरनेटला घरातूनही काहीतरी पाठवावं लागतं, आणि त्यासाठी अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा खालचा पट्टा राखलेला होता. गच्चीवरचे ॲम्प्लिफायर एकाच दिशेचे असतील तर हा पट्टा निरुपयोगी. ते बदलले तरी दुसरी कटकट उरतेच: प्रत्येक घरातल्या सैल कनेक्टरमधून शिरणारा आवाज वरच्या दिशेने एकत्र होत जातो. शंभर घरांचा कचरा एका नळीत. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंडी, पितळी जोडांचं काय होतं, हे वर्सोव्याच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून मुंबईत दोन वाटा पडल्या. मोठ्या कंपन्यांनी जाळं दुहेरी करून खरोखरचे केबल मोडेम दिले. अनेक छोट्या ऑपरेटरांनी मात्र कोॲक्सचा नाद सोडला आणि सरळ इथरनेटची वायर ओढली. कॅट-५ ची वायर साधारण १०० मीटरपर्यंतच चालते, मग गच्चीवर किंवा जिन्यात एका पत्र्याच्या डब्यात स्विच, तिथून पुढच्या बिल्डिंगकडे दुसरी वायर. ग्राहक दोन्हीला "केबलचं नेट" असंच म्हणे. वायर आणणारा माणूस तोच, बिलही तोच मागायला येई, मग वेगळं नाव कशाला?

तुम्ही मुलाखती घ्यायला जाल तेव्हा ही अडचण येणारच. समोरचा "केबल मोडेम होता" म्हणाला की लगेच टिपून घेऊ नका. डबा कुठे होता, त्याला टीव्हीची गोल वायर होती की टेलिफोनसारखी चौकोनी पिन, टीव्ही बंद पडला की नेटही बंद पडायचं का, असं विचारा. लोकांना तंत्रज्ञानाचं नाव आठवत नाही, पण डबा कुठल्या भिंतीवर होता ते बरोबर आठवतं.

आता लिनक्स

त्या काळात मुंबईत लिनक्स मिळवायचं तर डाउनलोड हा मार्ग नव्हता. एक सीडी ६५० एमबीची. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर, लाइन एकदाही न तुटता आणि पूर्ण वेग मिळून, २५ तासांहून जास्त. शिवाय टेलिफोनचं बिल वेगळं. म्हणून पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीड्या महत्त्वाच्या. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते मासिकाच्या प्लॅस्टिक पाकिटातून. (मासिकाच्या सीडीचा इतिहास हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर मला जरूर कळवा.)

गंमत अशी की लिनक्सवाल्याला डायल-अपपेक्षा केबल सोपी जायला हवी होती. संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम बहुतेक 'विनमोडेम' होते: निम्मं काम विंडोजचं सॉफ्टवेअर करी, त्यामुळे लिनक्समध्ये ते मुके. केबलला मात्र लागायचं साधं नेटवर्क कार्ड. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं रिअलटेक ८१३९ चिपचं कार्ड, किंवा त्याआधीचं एनई-२००० च्या नकलेचं. दोन्ही लिनक्स ओळखत असे.

का ओळखत असे, यातही इतिहास आहे. लिनक्सचे सुरुवातीचे बरेचसे इथरनेट ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. ते नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करत होते. तिथे १९९४ मध्ये साधे १६ संगणक जोडून त्यांच्याकडून महासंगणकाचं काम करून घ्यायचा बेवूल्फ नावाचा प्रयोग झाला. स्वस्त संगणक जोडायचे तर स्वस्त कार्डं चालायला हवीत, म्हणून ड्रायव्हर लिहिले गेले आणि सगळ्यांना मोकळे दिले गेले. म्हणजे वर्सोव्यातल्या टेबलावरचं स्वस्तातलं कार्ड चालत होतं, त्यामागे मेरीलंडमधल्या एका प्रयोगशाळेची काटकसर होती.

कार्ड बसलं, ड्रायव्हर मॉड्यूल चढलं, इंटरफेसचं नाव 'इथ-झिरो' दिसलं की पुढचा प्रश्न पत्त्याचा. दोन प्रकार. एक, डीएचसीपी, म्हणजे पलीकडचा सर्व्हर आपण होऊन पत्ता देतो. रेड हॅटच्या त्या वेळच्या आवृत्त्यांत यासाठी 'पंप' नावाची आज्ञा असे, इतरत्र 'डीएचसीपीसीडी' किंवा 'डीएचक्लायंट'. दुसरा प्रकार, ऑपरेटरने कागदावर लिहून दिलेले आकडे: आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस. ते 'आयएफकॉन्फिग' आणि 'रूट' या आज्ञांनी भरायचे, आणि डीएनएस 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फायलीत. दहा मिनिटांचं काम.

आणि एक कुलूप असे. ऑपरेटर कार्डाचा मॅक पत्ता स्वतःकडे नोंदवून ठेवी. कार्ड बदललं की नेट बंद, मग फोन करा, पोऱ्या कधी येतो त्याची वाट बघा. लिनक्समध्ये मात्र एका ओळीच्या आज्ञेने नव्या कार्डाला जुन्याचा मॅक पत्ता लावता येई. इथे लिनक्सवाला विंडोजवाल्याच्या पुढेच होता.

तो अडत असे शेवटच्या पायरीवर, लॉगिनपाशी.

लॉगिनचा डबा

बऱ्याच ठिकाणी नेट चालू करायला ऑपरेटरने दिलेला एक छोटा प्रोग्रॅम लागे. विंडोजच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह बसे. नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग तो ठराविक वेळाने सर्व्हरला "मी अजून आहे, मी अजून आहे" असं कळवत राही. हे कळवणं थांबलं की सर्व्हर लाइन तोडे. अहमदाबादच्या एलिटकोअर कंपनीची २४ऑनलाइन ही अशा कामाची प्रणाली अनेक ऑपरेटरांकडे होती. सिफीच्या ब्रॉडबँडलाही स्वतःचा क्लायंट लागे. लिनक्ससाठीचे पर्याय बऱ्याचदा स्वयंसेवकांनी लिहिले, विंडोजचा प्रोग्रॅम सर्व्हरशी काय बोलतो ते वायरीवर ऐकून.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राच्या बिगपाँड केबलला असाच हृदयाचा ठोका लागे, तिथल्या लोकांनी त्यासाठी 'बीपीएलॉगिन' लिहिलं. अमेरिकेत रोड रनरच्या काही भागांत लॉगिन होतं, तर ॲटहोमच्या ग्राहकाला कंपनीने दिलेलं संगणकाचं नाव डीएचसीपीच्या विनंतीत घालावं लागे, नाहीतर पत्ता मिळत नसे. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टमध्ये केबल मोडेमसाठी एक आख्खं 'हाउटू' आहे, ते बहुतांशी अशा कंपनीवार कुलपांचीच यादी आहे.

आता संशोधक म्हणून प्रश्न विचारा. लॉगिनचा हा डबा का होता?

पहिलं उत्तर लगेच सुचतं: ऑपरेटरला लिनक्स माहीत नव्हतं. हे उत्तर मला पटत नाही. माहीत नसल्याने मदत मिळणार नाही, पण अडथळा तयार होत नाही. शिवाय पलीकडे ऑपरेटरच्या खोलीत प्रॉक्सी आणि गेटवे म्हणून पुष्कळदा लिनक्सच चालत असे. परवाना फुकट आणि जुन्या मशीनवर चालणारं, म्हणून.

दुसरं उत्तर: सरकारी अटी. सेवा देणाऱ्याने ग्राहक कोण, कधी जोडला गेला, याची नोंद ठेवणं परवान्यात अपेक्षित होतं. हे खरं आहे, पण पुरेसं नाही, कारण अशी नोंद उघड पद्धतीनेही ठेवता येते. पीपीपीओई नावाचं मानक १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. त्यातही नाव-पासवर्ड आहेच, आणि लिनक्समध्ये ते आधीपासून चालत होतं. २००५ मध्ये एमटीएनएलने मुंबईत ट्रायबँड आणलं ते याच पद्धतीने, आणि तिथे लिनक्सवाल्याला कुणाचा खास प्रोग्रॅम शोधावा लागला नाही. म्हणजे अडचण लॉगिनमध्ये नव्हती, बंद डब्यातल्या लॉगिनमध्ये होती.

तिसरं उत्तर माझं आहे, आणि ते अजून गृहीतकच आहे. इतकी वर्षं ज्या जाळ्यात कुणी मोजलं जात नव्हतं, त्यात पहिल्यांदाच मोजणी आली होती. ऑपरेटरने वरून बँडविड्थ पैसे मोजून घेतलेली, ती तासांवर विकायची, तर ग्राहक कधी आला इतकंच कळून चालत नाही, कधी गेला हेही कळावं लागतं. आणि एका जोडणीवर शेजारचं घर बसलं तर धंदा गेला. टीव्हीच्या बाबतीत स्प्लिटर लावणाऱ्या ग्राहकाकडे काणाडोळा करणं परवडत होतं, इथे ते परवडत नव्हतं. आणि स्प्लिटरचं काम लिनक्स फुकटात करतं! एका मशीनमध्ये दोन कार्डं घालायची, 'आयपी मास्करेडिंग' चालू करायचं, की मागचे पाच संगणक बाहेरून एकच दिसतात. कर्नल २.२ मध्ये हे 'आयपीचेन्स'ने होई, २००१ च्या २.४ पासून 'आयपीटेबल्स'ने. म्हणून मला वाटतं, त्या लॉगिनच्या डब्याकडे वहीच्या जागी आलेला मीटर म्हणून पाहिलं पाहिजे. सेट टॉप बॉक्सच्या दहा वर्षं आधी घरात शिरलेला मीटर.

गृहीतक म्हणजे मत नव्हे. ते चुकीचं ठरू शकेल असं काहीतरी त्यातून निघालं पाहिजे. माझ्या गृहीतकातून तीन गोष्टी निघतात.

खरा केबल मोडेम असेल तिथे मोडेमच ऑपरेटरचा असतो, त्याचा नंबर वर नोंदलेला असतो, मोजणी तिथेच होऊ शकते. इथरनेटच्या वायरीवर ग्राहकाच्या घरात ऑपरेटरचं काहीच नसतं, म्हणून मीटर संगणकात शिरतो. तेव्हा लॉगिनचे खास प्रोग्रॅम इथरनेटवाल्या गल्ल्यांत जास्त सापडले पाहिजेत. दुसरं, तासांचे दर जाऊन महिन्याचे ठोक दर आले की हे प्रोग्रॅम हळूहळू गेले पाहिजेत. तिसरं, जिथे ऑपरेटर आणि वरची कंपनी यांच्यात वसुलीची वाटणी होती, तिथे मोडेम असूनही वेब पानावरचं लॉगिन टिकून राहिलेलं दिसेल, कारण तिथे मोजणी ग्राहकाची तशी ऑपरेटरचीही. तिसऱ्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे आणि तेच सिद्ध करणं सगळ्यात अवघड.

पुरावा कुठे आहे

सरकारी अभिलेखागारात हे सापडणार नाही. ट्रायचे सल्लापत्र वाचा, ते धोरणाची भाषा देतात. २००४ च्या धोरणात केबलचं जाळं परवानाधारकाचं फ्रँचायझी म्हणून वापरता येईल असं स्पष्ट म्हटलं आहे, म्हणजे दिल्लीला केबलवाला दिसत होता, पण दुसऱ्याचा हस्तक म्हणून. दरपत्रकांसाठी इंटरनेट आर्काइव्हमधली कंपन्यांची जुनी पानं बघा आणि प्रत्येक पानाची नोंदलेली तारीख टिपा, नुसतं वर्ष नको.

हाउटू वाचताना त्याच्या आवृत्त्यांचा क्रम लावा. एखादी ओळ कधी आली आणि कधी गळली, हे त्या ओळीइतकंच बोलकं असतं. त्यातला प्रत्येक जुगाड हा एखाद्या कंपनीच्या नियमाचा उलटा ठसा आहे. नियम कुठेच छापलेला नसतो, जुगाड छापलेला असतो.

आणि ज्याच्याकडे फार कमी लोक बघतात ते साधन म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्तं. गच्चीवर डबा बसवायला, जिन्यातून वायर न्यायला, सोसायटीच्या मीटरवरून स्विचला वीज द्यायला परवानगी लागते. "केबलवाल्याचा अर्ज वाचण्यात आला" या एका ओळीत तारीख, बिल्डिंग आणि कधी कधी वायरीचा प्रकारही मिळतो. सचिवांना आधी पत्र द्या, फक्त त्या विषयापुरतीच पानं मागा. आजी-आजोबा वयाच्या सचिवांशी बसून चहा घेतल्याशिवाय कपाट उघडत नाही, तो वेळही वेळापत्रकात धरा.

ऑपरेटरांशी बोलताना जास्त सांभाळा. कमी दाखवलेल्या जोडण्या, परवान्याशिवाय ओढलेल्या वायरी, हे त्यांच्या आयुष्यातले खरे प्रसंग आहेत, आणि काहींचा धंदा अजून चालू आहे. संमतिपत्रावर नाव न छापण्याचा पर्याय पहिला ठेवा. गल्लीचं नाव छापलं तरी माणूस ओळखू येतो हे विसरू नका, यारी रोडवर त्या काळी ऑपरेटर होते तरी किती! "पैसे किती बुडवले?" असा प्रश्न विचारू नका. "वही कशी ठेवायचात?" असं विचारा. रकाने कोणते होते, इंटरनेटसाठी वेगळी वही केली का, कधी केली, आणि संगणकावर नाव-पासवर्ड आल्यावर जुन्या वहीचं काय झालं.

आज भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, आणि त्यांचे नकाशे कुणालाही एका क्लिकवर पाहता येतात. २००१ मध्ये यारी रोडच्या कुठल्या गच्चीवरून कुठल्या गच्चीवर वायर गेली होती, याचा मात्र एकही नकाशा नाही. तो काढता येईल, बिल्डिंग-बिल्डिंग करत, इतिवृत्तं आणि वह्या समोर ठेवून. मी सध्या चार बंगल्याच्या बाजूने सुरुवात केली आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्याकडून, जिथे सोसायट्या नाहीत आणि म्हणून इतिवृत्तंही नाहीत, तिथे कसं शिरायचं हे कुणाला सुचत असेल तर लिहा.